एका नावाचे तीन पत्ते

डेटाबेसचा क्लस्टर उभारायचा म्हटलं की सगळ्यांना सर्व्हर, डिस्क आणि लायसन्सची काळजी. डीएनएसची आठवण शेवटी. माझं मत अगदी उलटं आहे: नावांच्या नोंदी पक्क्या झाल्याशिवाय इन्स्टॉलर सुरूच करू नये.

उदाहरण ओरॅकल रॅकचं घेतो, कारण इथे अमेरिकेत माझं पोट त्यावरच चालतं. रॅक म्हणजे डेटाबेस एक, पण तो चालवणारी मशीन्स अनेक. एक बंद पडलं तरी काम थांबत नाही. दोन नोडच्या साध्या क्लस्टरला बाहेरच्या नेटवर्कवर सात पत्ते लागतात. प्रत्येक नोडचा स्वतःचा एक, असे दोन. प्रत्येकाचा एक व्हर्च्युअल पत्ता, म्हणजे व्हीआयपी, असे आणखी दोन. नोड पडला की त्याचा व्हीआयपी दुसऱ्या नोडवर जातो आणि क्लायंटला तिथून लगेच नकार मिळतो. बंद मशीनच्या दारात तो ताटकळत बसत नाही.

उरलेले तीन पत्ते ‘स्कॅन’ या नावाचे. २००९ साली ११जी रिलीज २ मध्ये ही सोय आली. त्याआधी क्लायंटच्या फाइलमध्ये नोडची यादी लिहावी लागे. नोड वाढला की फाइली बदलत बसा. आता एक नाव पुरतं. डीएनएस त्या नावाचे तिन्ही पत्ते आलटूनपालटून क्रमाने देतो. नोड दोन असोत की आठ, पत्ते तीनच. इन्स्टॉल करण्याआधीची परीक्षाही गमतीची आहे: स्कॅन आणि व्हीआयपी ही नावं डीएनएसमध्ये सापडली पाहिजेत, पण पिंगला उत्तर येता कामा नये. उत्तर आलं तर समजा, तो पत्ता दुसऱ्याच कोणीतरी बळकावला आहे.

आता खरी गोष्ट. मोठ्या कंपनीत डीएनएस दुसऱ्याच टीमकडे असतो. फॉर्म भरा, सह्या घ्या, आठवडा थांबा. मग एखादा मॅनेजर म्हणतो, "होस्ट्स फाइलमध्ये टाका आणि पुढे चला." चालतं हो! पण त्या फाइलमधून स्कॅनला एकच पत्ता मिळतो, म्हणून ओरॅकलही तसं करू नका असंच सांगतं. शिवाय त्या फाइलच्या प्रती मशीनगणिक पसरतात. पुढे पत्ता बदलला की कुठे तरी जुनी प्रत उरतेच. बंद पडलेल्या टॉकीजच्या खुणेवर घर शोधण्यासारखं ते.

हा धडा जुनाच आहे. अर्पानेटवर सगळी नावं एकाच फाइलमध्ये असत, ती कॅलिफोर्नियातून सगळे उतरवून घेत. जाळं वाढलं तसं ते झेपेना, आणि १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसचा आराखडा मांडला. इंटरनेटने जे सोडलं, ते आपण क्लस्टरमध्ये परत का आणावं?

यात पैशापेक्षा मोठा प्रश्न न्यायाचा आहे. आठवडा वाचवल्याची शाबासकी इथल्या मॅनेजरला मिळते. वर्षभराने दुपारी तीन वाजता अ‍ॅप्लिकेशन अडकतं, तेव्हा पुण्यात मध्यरात्र उलटलेली असते, आणि फोन वाजतो तो तिथल्या सपोर्टमधल्या पोराचा. त्या फाइलीबद्दल त्याला कोणी सांगितलेलंही नसतं.

म्हणून पुण्या-मुंबईत बसून हे काम करणाऱ्यांना माझं सांगणं: प्रकल्पाच्या पहिल्याच दिवशी डीएनएसचा फॉर्म भरा, आणि "तात्पुरतं" हा शब्द ऐकलात तर तो काढायची तारीख लेखी मागा.