विश्लेषण : प्रयोगशाळेतला भूकंप किती खरा?

एखादी भिंत ‘शेक टेबलवर टिकली’ असे कळले की ऐकणारा निर्धास्त होतो. पण टेबल खरोखर भूकंपासारखे हलले होते का, हे सहसा कुणी विचारत नाही.

शेक टेबल म्हणजे हायड्रॉलिक दट्ट्यांनी हलवला जाणारा मंच. जपानमधील मिकी येथील ‘ई-डिफेन्स’ २० बाय १५ मीटरचे असून १,२०० टनांपर्यंतची इमारत पेलते. इमारत वा तिची प्रतिकृती वर बसवायची आणि जुन्या भूकंपाची नोंद खाली ‘वाजवायची’. अशीच एक नोंद आपल्या कोयना धरणातली. ११ डिसेंबर १९६७ रोजी तिथे गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे ६३ टक्के इतका हादरा नोंदला गेला.

मेख कुठे आहे?

नोंद त्वरणाची असते. दट्ट्याला मात्र किती सरकायचे ते सांगावे लागते. ते काढताना नोंदीतली शून्यरेषा जराशी जरी ढळलेली असली, तरी ती चूक वाढत जाते आणि टेबल कागदावर कुठच्या कुठे पोहोचते. म्हणून अतिसंथ कंपने गाळतात. उंच इमारतींना नेमकी तीच बाधतात, हे सोयीस्करपणे विसरले जाते.

पुढची अडचण वजनाची. वरची इमारत हलताना टेबललाही ओढते. म्हणून अभियंते आधी हलके धक्के देऊन टेबलचा स्वभाव मोजतात आणि आज्ञेतच दुरुस्ती करतात. पण भिंतीला तडा गेला की तिची कंपनाची लय मंदावते. धड भिंतीसाठी केलेली दुरुस्ती मग लागू पडत नाही, आणि तेही ज्या क्षणासाठी चाचणी मांडली त्याच क्षणी!

आपल्यासाठी हे का महत्त्वाचे?

किल्लारीत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे माणसे गाडली गेली ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंतींखाली. बळी सुमारे दहा हजार. अशा भिंती लवकर खिळखिळ्या होतात, म्हणजे टेबलच्या नियंत्रणाची खरी कसोटी इथेच. छोट्या प्रतिकृतीत दगड चौथ्या हिश्शाचा घेता येतो. मातीची पकड तशी लहान करता येत नाही.

तेव्हा प्रत्येक चाचणी अहवालात मागितलेला हादरा आणि टेबलने प्रत्यक्ष दिलेला हादरा एकाच आलेखावर छापणे सक्तीचे करावे. तो आलेख जोडलेला नसेल, तर सरकारी घरकुलांच्या निविदांत ‘टिकली’ हा शेरा ग्राह्य धरू नये.