अंधारात चमकणारा मणी

आपल्याकडे अंधारात जे जे चमकते त्याला सरसकट ‘रेडियम’ म्हणण्याची चाल आहे. मोटारसायकलच्या पाटीवर अक्षरे कापून चिकटवणारा तो ‘रेडियमवाला’. कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या गाडीमागची तांबडी पट्टी ‘रेडियमची’. मुलांच्या खोलीत छताला लावलेल्या चांदण्याही ‘रेडियमच्या’. वस्तुतः यांपैकी एकातही रेडियम नाही. गाडीमागची पट्टी मागून येणाऱ्या वाहनाच्या दिव्याचा उजेड जिकडून आला तिकडे परत फेकते. दिवा नसेल तर ती आंधळीच. चांदण्यांचे तसे नाही. त्या दिवसाचा उजेड साठवून ठेवतात आणि रात्री हळूहळू खर्च करतात.

ही साठवणारी भुकटी आता हाताने घडवलेल्या काचेच्या मण्यातही शिरली आहे. देशोदेशीचे काचकाम करणारे कारागीर ती वापरू लागले आहेत. त्यावर दोन टोकांची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, ही जत्रेतली गंमत, हिचा कलेशी काय संबंध? दुसरा म्हणतो, चमकतो ना, मग झाले! मला हे दोन्ही पक्ष मान्य नाहीत. माझी हरकत भुकटीला नाही. मण्याचे सारे मोल चमकेवर ठरवण्याला आणि ती चमक देणाऱ्या हाताचा विसर पडण्याला आहे.

मणी ही वस्तू आपल्याला नवी नाही. बाळाच्या मनगटावर काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेले दृष्टमणी असतात, सवाशिणीच्या गळ्यात काळी पोत असते, पोळ्याला बैलांच्या गळ्यात माळा पडतात. मात्र यांतला काचमणी आपल्या परभणी जिल्ह्यात घडत नाही. येथे तो ओवला जातो. पटवेकरी पोत गाठवून देतो, पण मणी येतो दूरवरून. उत्तर प्रदेशातील हाथरस जिल्ह्यातले पुरदिलनगर हे गाव आजही काचमण्यांसाठी प्रसिद्ध आहे.

पूर्वी मात्र आपला मराठवाडा या कामात मागे नव्हता. धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या जोडीने त्याचे नाव येते. तेथील उत्खननांत काचेचे मणी मिळाले. जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी उत्खनन केले. तेथेही मण्यांचा मोठा साठा हाती लागला. सातवाहन काळातील काचमण्यांत एक प्रकार फार बोलका आहे. काचेच्या आतल्या गाभ्यावर सोन्याचा अतिपातळ वर्ख चढवायचा आणि त्यावर पुन्हा पारदर्शक काचेचे आवरण घालायचे. सोने दिसते, पण झिजत नाही. थोड्या सोन्यात मणी सोन्याचाच भासतो.

मित्रहो, आता सांगा, यात आणि चमकत्या भुकटीत तत्त्वतः काय फरक आहे? दोन काचांच्या मध्ये तिसरेच काही जपून ठेवायचे, हीच ती युक्ती. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराला ही भुकटी मिळाली असती तर त्याने ती परंपरेच्या भयाने फेकून दिली असती, असे मला मुळीच वाटत नाही. म्हणून ‘हे आपले नव्हे’ हा आक्षेप टिकत नाही.

आता भुकटीविषयी थोडे. जुन्या काळी यासाठी जस्ताचे सल्फाइड वापरीत. त्याची चमक लवकर मावळे. १९९० नंतरच्या दशकात जपानमध्ये स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट या पदार्थात युरोपियम आणि डिस्प्रोसियम ही दुर्मिळ मूलद्रव्ये अत्यल्प प्रमाणात मिसळून नवी भुकटी तयार झाली. उजेड पडला की त्यातले इलेक्ट्रॉन उचलले जातात आणि जणू खळग्यांत अडकून बसतात. नेहमीच्या उष्णतेने ते एकेक करून सुटतात आणि सुटताना हिरवट उजेड देतात. पहिल्या काही मिनिटांत चमक भरपूर, मग ती उतरत जाते. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना मात्र ती कित्येक तास जाणवते. यात किरणोत्सर्ग नाही, जादूही नाही. दिवसा जमा आणि रात्री खर्च, असा हा सरळ हिशेब आहे.

परंतु काचेत ती बसवणे सरळ नाही, आणि खरी कारागिरी तेथेच आहे. ही भुकटी काचेत विरघळत नाही. वाळूच्या कणांसारखी वेगळी राहते. जास्त झाली तर मणी खडबडीत होतो, तडकतो. ज्योतीत फार वेळ तापवली तर युरोपियमचे रूप पालटते आणि चमक मंदावते. शिवाय तिचे पाण्याशी वाकडे आहे; उघडी राहिली आणि ओल लागली की ती हळूहळू निकामी होते. म्हणून कारागीर मातीचा लेप दिलेल्या तारेवर वितळलेली काच गुंडाळतो, तो गाभा भुकटीत अलगद लोळवतो आणि वर स्वच्छ काचेचे अखंड आवरण चढवतो. पुढे मणी सावकाश निववावा लागतो, नाहीतर तो उलतो. गाभा पांढरा असेल तर चमक खुलते; काळा असेल तर तो उजेड गिळून टाकतो. काळ्या काचेतच भुकटी कालवली तर ती असून नसल्यासारखी! पोतीच्या काळ्या मण्याने या नवलाईला आपणहून नकार दिला आहे, असे म्हणायला हरकत नाही.

यावरून माझा मुद्दा स्पष्ट व्हावा. नुसते चमकायचेच असेल तर उरुसातला प्लास्टिकचा मणीही चमकतो, आणि तो स्वस्त पडतो. हातघडीच्या काचमण्याने त्याच्याशी चमकेत स्पर्धा करणे म्हणजे हरण्याची पैज लावणे होय. काचेच्या हाती जे आहे ते प्लास्टिकच्या हाती नाही: रंगाची खोली, वजन, गुळगुळीत थंड स्पर्श आणि भुकटीला वर्षानुवर्षे जपणारे आवरण. म्हणून जो मणी दिवसा सुंदर नाही तो रात्री चमकला म्हणून सुंदर ठरू नये. परीक्षा उन्हात व्हावी. अंधारातली चमक ही वरकड कमाई समजावी.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. ‘रेडियम’ हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो, त्यामागे एक दुःखद इतिहास आहे. पियरे आणि मेरी क्युरी यांनी १८९८ साली रेडियम शोधले. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्यांवर खऱ्या रेडियमचा रंग भरण्याचे काम तरुण मुली करू लागल्या. कुंचल्याचे टोक बारीक राहावे म्हणून ते ओठांनी ओले करायला त्यांना शिकवले होते. रंग निरुपद्रवी आहे असेही सांगितले होते. रेडियम त्यांच्या हाडांत साठले, जबडे सडले, कित्येक जणी अकाली गेल्या. न्यू जर्सीमधील पाच जणींनी कोर्टात दाद मागितली. १९२८ साली तडजोड झाली. घड्याळ घालणाऱ्याला अंधारात वेळ कळत होती; ती कोणाच्या ओठांवरून आली हे मात्र त्याला कळत नव्हते.

आजची भुकटी तशी नाही, हे पुन्हा सांगतो. पण कोणतीही बारीक, कठीण धूळ रोज श्वासातून जाणे फुफ्फुसांना मानवत नाही. मणी घालणाऱ्याला काचेच्या आवरणाचे संरक्षण आहे; मणी घडवणाऱ्याला ते नाही. त्याच्या नाकाला चांगला मुखवटा, डोळ्यांना चष्मा आणि खोलीला खेळती हवा मिळाली नाही, तर आपली हौस त्याच्या छातीवर उभी राहील. मण्याचा भाव करताना ही किंमत आपण धरतो काय? रुपया-दोन रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या आपण सर्वांनी याचा विचार करावा.

या मण्याला उपयोगही पुष्कळ आहेत. आपल्या भागात शेतीची वीज रात्री येते तेव्हा शेतकऱ्याला काळोखात मोटार सुरू करायला जावे लागते. किल्लीच्या जुडग्यात असा एक मणी असला तर जुडगा चटकन सापडेल. बाळाच्या मनगटात मात्र तो नसावा. बाळ प्रत्येक वस्तू तोंडात घालते आणि फुटलेली काच दिवा पाहत नाही.

सारांश, नव्याला दार बंद करू नये आणि नवे म्हणून आरतीही ओवाळू नये. असा मणी कोणी हातावर ठेवला तर आधी तो उन्हात धरून पाहावा, मग तो कोणी आणि कसा घडवला ते विचारावे, आणि दिवा मालवण्याचे काम सर्वांत शेवटी करावे. आणि हो, त्याला ‘रेडियम’ तेवढे म्हणू नये. त्या नावावर ज्यांचा हक्क आहे त्या मुली ते सांगायला आज हयात नाहीत.