दिलेला शब्द आणि पिवळी जर्सी

आमच्या घरात दर जुलैमध्ये एक भांडण होतं. विषय एकच, १९८६ची टूर द फ्रान्स. भांडणारे दोघेच, मी आणि दादा. बाकीची मंडळी तोवर चहा पिऊन उठून गेलेली असतात. वहिनी तर म्हणते, "तुमच्या त्या हिनोला कुणीतरी एकदाचा निकाल देऊन टाका रे!"

सायकलचं हे वेड दादाचं. आम्ही लहान असताना मुंबई-पुणे सायकल शर्यत बघायला तो मला बोरघाटात घेऊन जायचा. घामाने निथळणारे सायकलवाले समोरून जायचे आणि दादा सांगायचा, पुढच्याकडे बघू नकोस, त्याच्या मागे कोण चिकटलाय ते बघ. तेव्हा मला ते काही कळलं नव्हतं. आज वाटतं, या खेळातलं सगळं त्या एका वाक्यात आलं.

ज्यांना या खेळाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टूर द फ्रान्स म्हणजे साधारण तीन आठवडे, आजकाल २१ टप्पे. रोजच्या वेळेची बेरीज होते आणि ज्याची बेरीज सगळ्यात कमी, त्याच्या अंगावर पिवळी जर्सी. आता सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची बरीचशी ताकद हवा कापण्यात जाते. जो कुणाच्या तरी मागे चाकाला चाक लावून चालवतो त्याचे कष्ट खूपच वाचतात. म्हणून प्रत्येक संघात एक नायक असतो आणि बाकीचे त्याच्यापुढे हवा कापत राहतात. गाडीपर्यंत मागे जाऊन पाण्याच्या बाटल्या आणतात, नायकाचं चाक पंक्चर झालं तर स्वतःचं काढून देतात, प्रतिस्पर्धी पळाला तर त्याचा पाठलाग करून स्वतः दमून मागे पडतात. त्यांना फ्रेंचमध्ये 'डोमेस्टिक' म्हणतात. मराठीत सरळ घरगडी! विजेत्यांच्या यादीत नाव मात्र एकाचंच लागतं.

म्हणजे बघा, खेळ संघाचा आणि बक्षीस एकट्याचं. सगळी भांडणं इथूनच सुरू होतात. आणि मोठी भांडणं दोन संघांत होत नाहीत, एकाच संघात होतात. सख्ख्या भावांसारखी.

आता १९८५. संघाचं नाव ला व्ही क्लेर, मालक बर्नार तापी. नायक बर्नार हिनो, चार टूर जिंकलेला फ्रेंच माणूस, तापट आणि कमालीचा जिद्दी. त्याच्या हाताखाली ग्रेग लेमाँड, २४ वर्षांचा अमेरिकन. त्या वर्षी सेंट एटिएनला हिनो पडला आणि त्याचं नाक फुटलं. पुढे पिरेनीजच्या डोंगरात, लुझ-आर्दिदेनच्या टप्प्यावर, तो मागे पडला तेव्हा लेमाँड पुढे होता, आयर्लंडच्या स्टीफन रोशबरोबर. अंगात जोर होता. त्या दिवशी तो सुटला असता तर पिवळी जर्सी त्याची झाली असती, असं त्याला आजही वाटतं. पण संघाच्या गाडीतून हुकूम आला, रोशला साथ द्यायची नाही. हिनो अगदी जवळ आहे, असंही सांगण्यात आलं. प्रत्यक्षात अंतर त्याहून बरंच जास्त होतं, असं लेमाँड नंतर सांगत राहिला. तो थांबला. हिनोने पाचवी टूर जिंकली, लेमाँड १ मिनिट ४२ सेकंदांनी दुसरा आला.

आणि मग हिनोने शब्द दिला. पुढच्या वर्षी मी तुझ्यासाठी चालवीन. जाहीरपणे दिला, चार लोकांत.

१९८६च्या टूरमध्ये बाराव्या टप्प्यावर, पाऊला जाताना, हिनो स्पेनच्या पेद्रो देल्गादोला घेऊन पळाला. लेमाँड मागे अडकला. का अडकला? कारण आपल्याच संघातला माणूस पुढे असेल तर त्याचा पाठलाग करायचा नाही, हा या खेळातला पहिला नियम. शब्द देणाऱ्याने मोडला तरी शब्द घेणाऱ्याने नियम पाळायचा! लेमाँडने त्या एका दिवसात साडेचार मिनिटांहून जास्त गमावली आणि हिनोची आघाडी ५ मिनिटं २५ सेकंदांवर गेली. इथे सेकंदांवर शर्यती ठरतात. याच लेमाँडने १९८९ची टूर ८ सेकंदांनी जिंकली.

दुसऱ्या दिवशी हिनो पुन्हा पळाला. एवढी आघाडी असताना! या वेळी मात्र सुपरबान्येरच्या चढावर त्याचे पाय संपले. लेमाँडने तो टप्पा जिंकला आणि अंतर ४० सेकंदांवर आलं. संघ उभा दुभंगला. अँडी हॅम्पस्टनसारखे लेमाँडच्या बाजूने, फ्रेंच मंडळी हिनोच्या. काही दिवसांनी आल्प्समध्ये पिवळी जर्सी लेमाँडकडे आली. त्याच्या पुढच्या टप्प्यावर आल्प द्युएझचा प्रसिद्ध घाट दोघांनी मिळून चढला आणि हातात हात घालून रेषा ओलांडली. तो फोटो तुम्ही पाहिला असेल. दोघे हसतायत. किती छान, नाही? त्याच संध्याकाळी हिनोने जाहीर केलं की टूर अजून संपलेली नाही.

शेवटी लेमाँड ३ मिनिटं १० सेकंदांनी जिंकला. युरोपाबाहेरचा पहिला विजेता. हिनो दुसरा.

आता आमचं भांडण.

दादा हिनोच्या बाजूचा. त्याचं म्हणणं, टूर ही काय दक्षिणा आहे का, हातावर पाणी सोडून द्यायला? जो तिला पात्र आहे त्याने ती जिंकून दाखवावी. हिनो स्वतःही असंच सांगत आला. मी हल्ले केले ते प्रतिस्पर्ध्यांना दमवण्यासाठी, आणि त्यातून लेमाँड तावून सुलाखून निघाला. दादा म्हणतो, शिवाय त्याला सहावी टूर दिसत होती. पाचाच्या पुढे तोवर कुणी गेलं नव्हतं (आणि आजही अधिकृत यादीत कुणी नाही). ३१ वर्षांचा माणूस, शेवटची टूर, पाय साथ देतायत. अशा वेळी आदल्या वर्षीचा शब्द आठवून ब्रेक दाबायचा? तसा माणूस पाच वेळा जिंकलाच नसता.

हे मला पटत नाही असं नाही. जिंकणाऱ्या माणसात काहीतरी असतं जे थांबू शकत नाही, आणि आपण त्यावरच तर टाळ्या वाजवतो.

पण माझा मुद्दा वेगळा आहे. लेमाँडने १९८५ला जे दिलं ते कधी दिलं? अंगात जोर असताना, समोर जर्सी दिसत असताना. म्हणजे त्याला ते महागात पडलं. मग परतफेडही महागातच पडायला हवी ना? हिनो दमलेला असता, मागे पडलेला असता आणि तेव्हा म्हणाला असता "जा बाळा, तुझी टूर", तर त्यात त्याने काय दिलं असतं? सोयीची परतफेड ही परतफेड नसते. पाय साथ देत असताना थांबणं, तेवढंच काय ते देणं.

आणखी एक. या खेळात 'त्याग' हा शब्द फार वापरतात. १९३४ची एक गोष्ट सगळे सांगतात. फ्रान्सच्या संघातल्या रने व्हिएतो नावाच्या २० वर्षांच्या पोराने आपलं चाक काढून नायक आंतोनाँ मान्यला दिलं आणि दुसरं चाक येईपर्यंत रस्त्याकडेच्या कठड्यावर रडत बसला. दुसऱ्या दिवशी तर आलेली वाट उलटी चालवून गेला आणि पूर्ण सायकलच दिली. मान्यने टूर जिंकली, व्हिएतो पाचवा आला आणि फ्रान्सचा लाडका झाला. त्या रडक्या फोटोचं कौतुक आजही होतं. पण मला नेहमी वाटतं, त्यागाचं कौतुक करणारे बहुधा घेणाऱ्याच्या बाजूचे असतात. देणारा कठड्यावर बसून रडत असतो. एकदा 'त्याग' म्हटलं की हिशोब मिटतो, परत काही द्यावं लागत नाही. 'उधारी' म्हटलं की द्यावं लागतं.

म्हणून मला २०२३ची स्पेनची शर्यत, व्हुएल्ता, जास्त जवळची वाटते. युम्बो-विस्मा संघातला सेप कस, कोलोराडोचा साधा हसतमुख माणूस. त्या वर्षी मे महिन्यात इटलीच्या जिरोत त्याने प्रिमोझ रोगलिचसाठी हवा कापली, रोगलिच जिंकला. जुलैत टूरमध्ये योनास विंगेगॉरसाठी कापली, विंगेगॉर जिंकला. ऑगस्टमध्ये तिघेही व्हुएल्ताला आले आणि पहिल्याच आठवड्यात एका पळापळीत कसला मोठी आघाडी मिळाली, लाल जर्सी आली. घरगड्याच्या अंगावर मालकाचा कोट!

आणि मग त्याच्याच संघातले ते दोघे त्याच्यावर हल्ले करू लागले. सोळाव्या टप्प्यावर विंगेगॉरने एक मिनिटाहून जास्त काढून घेतलं. सतराव्याला अँग्लिरूचा भयंकर चढ. तिथे रोगलिच आणि विंगेगॉर पुढे गेले आणि कस मागे राहिला. त्या धुक्यात तो दुसऱ्याच संघाच्या मिकेल लांदाच्या चाकामागे राहून कसाबसा वर पोचला. जर्सी वाचली ८ सेकंदांनी. मी आणि दादा फोनवर होतो. मी अक्षरशः ओरडत होते. दादा शांत. म्हणाला, "ते दोघे जास्त ताकदीचे आहेत, त्यांनी का थांबावं?"

पण ते थांबले. संघात बोलणी झाली, ठरलं की कसला जिंकू द्यायचं. आणि शेवटच्या दिवसांत त्या दोघांनी त्याच्यासाठी चालवलं. माद्रिदला कस पहिला, विंगेगॉर १७ सेकंदांनी दुसरा, रोगलिच तिसरा. रोगलिच मनापासून खूश नव्हता, आणि त्याने ते फारसं लपवलंही नाही. त्या मोसमानंतर तो दुसऱ्या संघात गेला.

तुम्ही म्हणाल, म्हणजे दान केलेला विजय. दादाही तेच म्हणाला. मला तो दान केलेला वाटत नाही. कसने त्या वर्षी आधीच दोन शर्यती चालवल्या होत्या, फक्त त्यांची बेरीज दुसऱ्यांच्या नावावर लागली होती. त्या दोघांच्या पायात सप्टेंबरमध्ये जे जास्तीचं बळ होतं, त्यातलं थोडं कसचंच नव्हतं का?

हे मी दादाला परवा पुन्हा ऐकवलं. तो हसला आणि म्हणाला, "तू उगाच कसची वकिली करतेस. त्याला विचारलंस का? घरगड्याला घरगडी असण्यात मजा येत असेल."

आणि मी गप्प झाले. कारण हे बोलत कोण होतं?

आमच्याकडच्या लोकांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगते. बाबांची कंपनी बंद पडली तेव्हा दादा बारावीला होता. गणितात माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. तो खोपोलीतच एका कारखान्यात लागला आणि चार वर्षांनी मी पुण्याला इंजिनिअरिंगला गेले. माझ्या फीची पाकिटं तो घेऊन यायचा, एसटीने, रविवारी. आम्ही सगळे म्हणतो, दादाने केवढा त्याग केला. मीच सगळ्यात जास्त वेळा म्हटलंय. लग्नाच्या भाषणातसुद्धा. शब्द मात्र मी त्याला कधी कसलाच दिला नाही, त्यामुळे तो मोडायचा प्रश्नच आला नाही. हिनोने निदान दिला तरी होता!

या उन्हाळ्यात वहिनीने विचारलं होतं, मनूला पुण्यात कॉलेज मिळतंय, दोन वर्षं तुमच्याकडे राहिली तर चालेल का? दादाने नाही विचारलं, तो कधीच विचारणार नाही. आमच्या चिरंजीवांची दहावी, घर दोन खोल्यांचं, सासूबाईंचं येणं-जाणं. मी म्हटलं, "बघू या." दीड महिना 'बघू या' चाललंय. सोयीचं झालं की बघू. म्हणजे पाय दमले की थांबू.

चाळीस वर्षांपूर्वीच्या एका फ्रेंच माणसाला मी दर जुलैमध्ये फासावर चढवते, आणि माझं हे असं.

असो. काल चिरंजीवांचं टेबल हॉलमध्ये हलवलं. त्यांनी थोडी कुरकुर केली, ती अपेक्षितच होती. आतल्या खोलीत दुसरी कॉट बसते, मोजून पाहिलं. वहिनीला फोन करून सांगितलं, मनूला पाठव.

दादा, तू हे वाचशीलच. हिनोबद्दल माझं मत बदललेलं नाही. भांडायला ये, आणि येताना मनूचं सामान घेऊन ये.