ॲपचं अपडेट नाही, फोनही ठीक. मग सगळं बंद का पडतं?

१२ जून २०२५. भारतात रात्रीचे साधारण साडेअकरा. स्पॉटिफाय, डिस्कॉर्ड, जीमेल, गूगल मीट अशा कितीतरी सेवा जगभर एकाच वेळी अडखळू लागल्या. अशा वेळी आपण काय करतो? वायफाय बंद-चालू करतो, फोन रिस्टार्ट करतो, शेवटी ॲप काढून परत टाकतो. पण त्या रात्री दोष आपल्या फोनचा नव्हताच. गूगल क्लाउडमध्ये एका पॉलिसीची माहिती बदलली गेली आणि तिच्यात काही रकाने चुकून रिकामे राहिले. काही सेकंदांत ती माहिती जगभरातल्या सर्व्हरवर पोहोचली. रिकामा रकाना आला तर काय करायचं, हे तिथल्या प्रोग्रामला सांगितलेलंच नव्हतं. तो क्रॅश होत राहिला.

म्हणजे बदलली ती फक्त माहिती, आणि तेवढ्याने कोड कोसळला. हा फरक समजून घेऊ.

सर्व्हरवर चालणाऱ्या ॲपचे दोन भाग असतात: कोड आणि सेटिंग. डेटाबेसचा पत्ता काय, पेमेंटची गुप्त की कोणती, ओटीपी कुठल्या सेवेतून पाठवायचा, या गोष्टी कोडमध्ये न लिहिता बाहेर ठेवतात. यांना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात. त्यामुळे एकच कोड टेस्टिंगलाही चालतो आणि खऱ्या ग्राहकांसाठीही. बदलतात त्या फक्त सेटिंग.

त्या बदलायच्या कशा? टर्मिनल उघडायचं, एक ओळ टाइप करायची, एंटर. हेरोकूवर ‘कॉन्फिग सेट’ची कमांड दिली की ॲप नवी किंमत घेऊन लगेच रिस्टार्ट होतं. प्ले स्टोअरची तपासणी नाही, तुम्हाला काही डाउनलोड करायला नको. सोय मोठी आहे, पण धोकाही तिथेच आहे.

गूगलच्या क्लाउड रनचंच बघा. ‘अपडेट-एन्व्ह-व्हार्स’ हा पर्याय दिला तर तुम्ही सांगितलेलीच व्हेरिएबल बदलतात, बाकीची तशीच राहतात. ‘सेट-एन्व्ह-व्हार्स’ दिला तर आधीची सगळी पुसली जातात आणि फक्त नवी उरतात. एका शब्दाचा फरक, पण डेटाबेसचा पत्ताच गायब होऊ शकतो.

२८ फेब्रुवारी २०१७ ला ॲमेझॉनच्या एस-थ्री सेवेत असंच घडलं. काही मोजके सर्व्हर काढण्यासाठी दिलेल्या कमांडमध्ये एक इनपुट चुकलं आणि ठरवल्यापेक्षा बरेच जास्त सर्व्हर निघाले. पुढचे काही तास अनेक वेबसाइट आणि ॲप्स अडकून पडली. त्यानंतर ॲमेझॉनने ते टूलच बदललं: सर्व्हर आता हळूहळू निघतील, आणि ठरावीक मर्यादेच्या खाली जाऊच शकणार नाहीत. माझ्या मते खरा धडा हाच आहे. माणूस चुकणारच, त्याची चूक छोटी राहील अशी व्यवस्था हवी.

मग प्रत्येक सेटिंग हळूहळूच बदलावी का? तसंही नाही. जानेवारी २०२३ मध्ये सर्कलसीआय या कंपनीत झालेली घुसखोरी उघड झाली, तेव्हा तिने सगळ्या ग्राहकांना आपापल्या गुप्त की ताबडतोब बदलायला सांगितलं. की फुटली असेल तर तासभर थांबणंही महागात पडतं. म्हणून वेगाची वाट हवीच, पण ती अशा वेळेसाठी. रोजचा बदल आधी थोड्या सर्व्हरवर करून बघावा, ठीक चालला तरच पुढे न्यावा. कोडची होते तशी सेटिंगचीही तपासणी व्हावी.

तुम्ही कॉलेज प्रोजेक्ट क्लाउडवर टाकत असाल तर तीन सवयी आत्ताच लावा. कमांड देण्याआधी सध्याच्या सेटिंगची यादी बघा. आपण टेस्टिंगमध्ये आहोत की खऱ्या ॲपमध्ये, हे तपासा. आणि मागे कसं यायचं, ते आधीच माहीत करून घ्या.

आणि नुसते युजर असाल तर? ॲप अचानक बंद पडलं की ते काढून टाकण्याआधी इतरांचं चालू आहे का ते विचारा, कंपनीचं स्टेटस पेज बघा. पेमेंट मध्येच अडकलं असेल तर लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका. आधी बँकेच्या खात्यात पहिल्या व्यवहाराचं काय झालं ते तपासा.