नळीला अनुदान, मातीचं काय?

आमच्या पाथरी-मानवत भागात ठिबकच्या गप्पा निघाल्या की दोनच विषय: नळी कोणत्या कंपनीची आणि अनुदान कधी जमा होणार. अल्पभूधारकाला ८० टक्के, इतरांना ७५ टक्के अनुदान मिळतं; ते हवंच. पण नळीतून काय सोडायचं आणि मातीत गेल्यावर त्याचं काय होतं, हे सांगायला बांधावर कुणी येत नाही.

परभणीची काळी माती खोल, चिकण आणि चुनखडीची. माझ्या मोसंबीच्या बागेतलं दोन फुटांवरचं ढेकूळ काढून त्यावर सौम्य आम्लाचे चार थेंब टाकले, की लगेच फसफसून फेस येतो. अशा मातीत लोह असतं, पण चुना ते मुळांना लागू देत नाही. मग नवी पालवी पिवळी पडते, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पान पिवळं दिसलं की दुकानदार १९:१९:१९ची बॅग पुढे करतो आणि वर सांगतो, "ताई, पाणीही वाढवा." आजार म्हशीला, इंजेक्शन पखालीला! बॅगेत नत्र, स्फुरद, पालाश. झाड मागतंय लोह. त्यात काळ्या मातीत ओल तुंबली की मुळांची हवा कोंडते आणि पिवळेपणा आणखी वाढतो. ड्रीपर खोडाला खेटून असेल तर डिंक्या रोगाला आयतं आमंत्रण. लोह द्यायचं म्हणून नुसतं हिराकस जमिनीत टाकलं, तर चुना तेही अडकवून ठेवतो. त्यापेक्षा फवारणी परवडते.

२०१५ साली मृद आरोग्य पत्रिका आली. योजना चांगली, पण नमुना बागायतीत अडीच हेक्टरांमागे एक, तोही वरच्या वीतभर मातीचा. मोसंबीची मुळं त्याखाली जातात आणि खरी चुनखडी तिथंच भेटते. ज्वारी-सोयाबीनला चालणारा कागद फळबागेला पुरत नाही.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. फळबागेच्या ठिबक अनुदानातच तीन तपासण्यांचा खर्च धरा: तीन फुटांपर्यंत थराथरानं घेतलेली माती, विहीर-बोअरचं पाणी आणि झाडाचं पान. १९७२ पासून परभणीत कृषी विद्यापीठ आहे. अहवाल पाहून बहारानुसार खत-पाण्याचं वेळापत्रक करून देणं त्याच्या आवाक्यातलं काम आहे. जायकवाडीच्या पाळीचा भरवसा नसलेल्या जिल्ह्यात पाणी वाचवायलाच हवं. पण वाचवलेल्या पाण्यातून नको ते खत सोडत राहिलो, तर फायदा फक्त दुकानदाराचा.