अफगाण चर्चच्या भिंतीवर नसलेली नावे

बिद्री (जि. कोल्हापूर) : ऑगस्ट 2021 मध्ये अमेरिकी फौजा काबूलमधून बाहेर पडल्या, तेव्हा इंग्रजांच्या 1842 मधील माघारीचा दाखला जगभर दिला गेला. त्या युद्धाचे एक स्मारक मुंबईत, कुलाब्यात उभे आहे. सेंट जॉन चर्च हे त्याचे खरे नाव. मुंबईकरांना ते अफगाण चर्च म्हणूनच ठाऊक आहे. 1847 मध्ये सुरू झालेल्या या वास्तूचे काम लांबले आणि 1858 मध्ये तेथे प्रार्थना सुरू झाली. उंच मनोरा त्यानंतर काही वर्षांनी पूर्ण झाला.

आत सिंध व अफगाणिस्तानच्या मोहिमांत मेलेल्या अधिकाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. साध्या शिपायांविषयी शिलालेख एवढेच सांगतो की, त्यांची संख्या इतकी मोठी होती की नावे नोंदविणे शक्य झाले नाही. वसाहतवादी राजवट आपल्या मृतांची मोजदाद कशी करीत असे, हे इतक्या सरळपणे दुसरीकडे क्वचितच वाचावयास मिळेल.

हे शिपाई कोण होते? मुंबई लष्कराच्या देशी पलटणींत उत्तरेकडील परदेशी होते, तसेच कोकण व देशावरचे मराठेही होते. 1840 मध्ये बलुचिस्तानातील काहूनची गढी मुंबईच्या पाचव्या देशी पलटणीच्या तुकडीने मे ते सप्टेंबर मरी टोळ्यांच्या वेढ्यात लढविली. तिच्या मदतीस निघालेल्या फौजेचा नफुस्क खिंडीत धुव्वा उडाला. तीच पाचवी पलटण पुढे मराठा लाइट इन्फंट्रीची ‘काली पांचवी’ झाली. या रेजिमेंटचे केंद्र आज बेळगावात आहे आणि कोल्हापूर जिल्ह्यातील तरुण पिढ्यान्‌पिढ्या तिच्यात भरती होत आले आहेत. शिरोळ तालुक्यातील एका गावाचे तर नावच सैनिक टाकळी पडले. काबूलहून निघालेल्या सुमारे साडेचार हजार सैनिकांबरोबर बारा हजारांच्या आसपास बाजारबुणगे होते; त्यांचा तर शिलालेखातही उल्लेख नाही.

याच काळाची दुसरी बाजू बिद्रीच्या परिसरास अधिक जवळची आहे. येथून गारगोटीकडे जाणारा रस्ता भुदरगडाच्या मुलखात शिरतो. कोल्हापूर संस्थानात इंग्रजांनी नेमलेल्या दाजी कृष्ण पंडितांच्या कारभारात गडकऱ्यांच्या इनाम जमिनींची व्यवस्था मामलेदारांकडे गेली. जमिनी जाणार या भीतीने 1844 मध्ये गडकऱ्यांनी उठाव केला. सामानगड व भुदरगड त्यांच्या हाती होते. पन्हाळ्यावर त्यांनी कर्नल ओव्हान्स या इंग्रज अधिकाऱ्याला कैदेत ठेवले होते. इंग्रजांनी तोफा लावून एकेक किल्ला घेतला. उठाव मोडण्यास आलेल्यांत जेम्स आउट्रम होता. हाच आउट्रम त्यापूर्वी अफगाण मोहिमेत लढला होता आणि सिंधमध्ये राजकीय प्रतिनिधी होता.

म्हणजे एकाच लष्कराने दोन वर्षांच्या अंतराने काबूलच्या वाटेवर मराठी शिपाई खर्ची घातले आणि घाटमाथ्यावर मराठी गडकऱ्यांवर तोफा डागल्या. परक्यांच्या राज्यविस्तारासाठी पगारावर लढलेल्यांना हुतात्मा म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण पोटासाठी बोलन खिंडीत गेलेला माणूस नाव नसलेलाच राहावा, हेही न्याय्य नाही.

वसाहतकालीन पुतळे, नावे व खुणा यांविषयीचे वाद ती वास्तू राहावी की पुसावी, या प्रश्नाभोवतीच फिरतात. अफगाण चर्चपुढे तो प्रश्न अपुरा ठरतो. ही वास्तू पाडली, तर शिपायांना वगळल्याचा उघड पुरावाही नाहीसा होईल. दिल्लीतील इंडिया गेटवर 1931 मध्ये 13 हजारांहून अधिक नावे कोरली गेली. त्यांत 1919 च्या तिसऱ्या अफगाण युद्धातील सैनिकही आहेत. तेथे संख्येची सबब कोणी सांगितली नाही.

पहिल्या युद्धातील शिपायांची नावे शोधावयाची, तर जुन्या पलटणींची हजेरीपत्रके व लष्करी पत्रव्यवहार धुंडाळावा लागेल. सर्व नावे मिळतीलच असे नाही. तरीही काहूनच्या तुकडीपासून या शोधास आरंभ करता येईल. ती लहान होती. निदान तिच्याबाबत तरी ‘संख्या फार’ ही अडचण सांगता येणार नाही.