मनाचे दुखणे आणि आपली श्रद्धा

परमगुरू लिओ चौदावे यांच्या नोव्हेंबर २०२५ च्या प्रार्थना-हेतूचा विषय होता, आत्महत्येचा प्रतिबंध. जीवनाला कंटाळलेल्यांना आपल्या समाजात आधार व प्रेम लाभावे, अशी ती याचना होती. त्यापूर्वी नोव्हेंबर २०२१ मध्ये परमगुरू फ्रान्सिस यांनी नैराश्यग्रस्तांसाठी प्रार्थना करावयास सांगितले होते. मनाच्या दुखण्याविषयी ख्रिस्तसभा आज मोकळेपणाने बोलत आहे. आपल्या धर्मग्रामांत आपण बोलतो का, हा खरा प्रश्न आहे.

ही भूमिका एका दिवसात घडलेली नाही. १९१७ च्या धर्मसंहितेनुसार जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्तसभेचा दफनविधी नाकारला जात असे. १९८३ च्या संहितेत ती तरतूद उरली नाही. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने तर स्पष्ट केले, की गंभीर मानसिक व्याधी वा तीव्र भीती यांमुळे त्या व्यक्तीची जबाबदारी उणावते आणि तिच्या तारणाची आशा आपण सोडू नये. जीवन हे परमेश्वराचे दान आहे ही शिकवण अबाधित राहिली. पीडिताकडे पाहण्याची दृष्टी मात्र अधिक करुणामय झाली. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या भारताच्या मानसिक आरोग्य कायद्यानेही आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यास शिक्षेऐवजी उपचार देण्याची दिशा धरली.

तरीही २०२२ या एका वर्षात देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात निरनिराळ्या मनोविकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना असल्याचे आढळले. डॉक्टरांची वाण हे त्याचे एक कारण. लोकलज्जा हे दुसरे. मुलीचे लग्न जमणार नाही, या धास्तीने घरातील दुखणे झाकले जाते. त्यातच 'तुझी श्रद्धा कमी पडते' हे वाक्य ऐकवले, की आधीच खचलेला माणूस चर्चची पायरीही टाळू लागतो.

पवित्र शास्त्र असे बोलत नाही. राजांच्या पहिल्या पुस्तकात एलिया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. परमेश्वर त्याला दटावत नाही. तो झोपतो, देवदूत त्याला उठवून भाकर व पाणी देतो, तो पुन्हा झोपतो, पुन्हा जेवतो. होरेब पर्वतावरची देवभेट त्यानंतरची आहे. विश्रांती, अन्न आणि सोबत यांना परमेश्वराने आधी स्थान दिले. मग वेळेवर झोपणे, जेवणे, औषध घेणे यांना आपण स्वार्थ कसे म्हणावे?

आजार हे पाप नव्हे; म्हणून पापनिवेदन हे उपचारांना पर्याय ठरत नाही. संस्कारांतून कृपा व शांती लाभते, वैद्यकातून उपचार होतात. दोन्ही देणारा परमेश्वर एकच. धर्मगुरू असताना वयाच्या ४२ व्या वर्षी आपण सुमारे सहा महिने एका मनोविश्लेषक स्त्रीकडे जात होतो, हे परमगुरू फ्रान्सिस यांनी २०१७ साली स्वतः सांगितले.

धर्मग्रामाला करता येण्याजोगे पुष्कळ आहे. आजाऱ्यांसाठीच्या प्रार्थनेत मनाच्या आजारांचाही उल्लेख व्हावा. केंद्रविभागांच्या सभांत समुपदेशकांना निमंत्रण असावे. शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक सूचनाफलकावर लागावा. आणि कोणी मन मोकळे करू लागले, तर उपदेशाची घाई न करता आपण ऐकावे. देवदूताने एलियाला प्रवचन दिले नव्हते, भाकर दिली होती.